लीद, लेंडी आणि कुत्र्याची शी: दिल्लीच्या बागेत काय चालतं?

द्वारका, नोएडा, इंदिरापुरम, गुरुग्राम, कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुत्र्याच्या शीवरून अधूनमधून भांडण पेटतंच. कुत्रा कुणाचा, उचलायचं कुणी, गार्डनं पाहिलं कसं नाही, इथवर सगळे हिरिरीने बोलतात. उचललेली पिशवी पुढे कुठे जाते, हे मात्र कुणी विचारत नाही. ती घरच्या कचऱ्यात मिसळते आणि गाझीपूर, भलस्वा, ओखला किंवा गुरुग्रामच्या बंधवाडीच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन पडते, नाहीतर कचरा जाळून वीज करणाऱ्या एखाद्या भट्टीत जाते. गाझीपूरचा ढीग १९८४पासून चढतो आहे. १ सप्टेंबर २०१७ला त्याचा कडा ढासळला आणि दोन माणसं प्राणाला मुकली. आणि त्याच सोसायटीत माळी शेणखताची पोती बाहेरून विकत आणतो, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये झडलेली कडुनिंबाची, पिलखनाची, पिंपळाची पानं ट्रॉलीत भरून बाहेर धाडली जातात.

म्हणजे नत्र बाहेर टाकायचा, कर्ब बाहेर टाकायचा आणि खत पैसे देऊन आणायचं. घरात, गोठ्यात, तबेल्यात पाळलेल्या प्राण्यांची विष्ठा आणि त्यांच्या अंगाखालचं गवत, भुसा, तूस बागेला घालता येईल का, आणि कुणाचं येईल, कुणाचं नाही, असा हा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून ठेवलेलं बरं. गवत खाणाऱ्या प्राण्याचं सगळं घ्यावं. मांस खाणाऱ्याचं घरच्या कुंडीत घालू नये. कुत्र्यांच्या बाबतीत काही वाट निघालीच, तर ती एका घराच्या नव्हे, अख्ख्या सोसायटीच्या पातळीवर निघेल.

गवत खाणाऱ्यांपासून सुरुवात करू, कारण तिथलं शास्त्र चांगलं शंभर वर्षांचं आहे. आल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसाच्या शेती संशोधन संस्थेत आले. १९२४ ते १९३१ ते इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत होते. होळकरांच्या त्या इंदुरात यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३१ साली निघालेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. पुढे सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून हॉवर्ड यांचा गौरव झाला, वाड यांचं नाव तळटिपेत राहिलं. पुसाची ती संस्था १९३४च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली दिल्लीला आली. करोल बागेपलीकडच्या त्या परिसराला दिल्लीकर आजही पुसा म्हणतात ते म्हणूनच.

इंदूर पद्धतीत शेणाइतकाच मान बैलांच्या अंगाखालच्या अंथरणाला आहे, आणि आज नेमकं तेच विसरलं गेलं आहे. गोठ्याची जमीन मातीची ठेवायची. तिच्यावर काडीकचरा पसरायचा, बैल रात्रभर त्यावर बसणार, मूत त्यात मुरणार. सकाळी ते ओलं अंथरूण शेणासकट उचलून खड्ड्यात थर द्यायचा. मूत मुरलेली मातीही दर काही महिन्यांनी खणून काढायची, कोरडी करून खड्ड्यात वापरायची आणि जागी नवी माती भरायची. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या अशा टणक वस्तू शेतरस्त्यावर पसरून ठेवायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जातात. खड्डा तीनदा चाळवायचा, तीन महिन्यांत खत तयार. शेतकरी शेण तरी गोळा करतो, पण मूत वाया घालवतो, ही हॉवर्ड यांची तक्रार होती. नत्राचा मोठा हिस्सा मुतात असतो, तो अंथरणात अडकला तरच हाती लागतो.

दिल्लीच्या डेऱ्यांत आज याच्या बरोबर उलट चाललं आहे. गाझीपूर, भलस्वा, काकरोला, गोयला, नांगली सकरावती, मदनपूर खादर अशा ठरवून दिलेल्या डेअरी वसाहतींत म्हशी सिमेंटच्या किंवा विटांच्या फरशीवर उभ्या असतात. खाली अंथरायला काही नाही, कारण गव्हाचा भुसा महाग आणि तो खायला घालायचा. एका जनावराचं रोजचं शेण पंधरा-वीस किलो धरलं जातं, मूत वेगळं. फरशी पाण्याच्या पाइपानं धुतली की ते सगळं गटारात आणि गटारातून यमुनेत. शेणावर बायोगॅस करायचे प्रकल्प आता महापालिका उभारते आहे, ते हवेतच. पण शेण आधी पाण्यात कालवून नंतर ते वेगळं काढण्यापेक्षा म्हशीखाली पाचोळा घालणं कितीतरी स्वस्त आहे. पाचोळा शहरात फुकट पडलेला आहे, डेऱ्या शहरातच आहेत, आणि दोघांची गाठ घालून द्यायला कुणी तयार नाही. गाझीपूर आणि भलस्वाच्या डेऱ्यांची गोष्ट आणखी वाईट: कचऱ्याचे डोंगर शेजारीच असल्यामुळे जनावरं तो कचरा खातात. २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या दोन्ही डेऱ्या तिथून हलवायची गरज बोलून दाखवली, ती दुधाच्या काळजीने. त्यांच्या शेणात प्लास्टिकच्या चिंध्या येतात हे बागवाल्यानेही ध्यानात ठेवावं.

दिल्लीबाहेर लोनी, दादरी, बागपतकडे निघालात की रस्त्याच्या कडेला गोवऱ्यांचे शंकूसारखे रचलेले, वरून गवताने शाकारलेले ‘बिटोडे’ दिसतात. शेण जाळायचं की कुजवायचं, हा वाद आपल्याकडेही जुना आहे. त्यावर महाराष्ट्रातून आलेलं एक चोख उत्तर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांचा नाडेप हौद. विटांच्या भिंतीत खिडक्या ठेवलेला दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा हा हौद. त्यात दीड टनाच्या आसपास काडीकचरा आणि तितकीच किंवा थोडी जास्त कोरडी माती, पण शेण फक्त शंभर किलोच्या घरात. शेण इथे विरजणापुरतं. ज्याच्याकडे पाला भरपूर आणि जनावर एखाद-दुसरं, अशा छत्तरपूरच्या फार्महाउसला किंवा मोठ्या आवाराच्या शाळेला दिल्लीत हा हौद इंदूर पद्धतीपेक्षा सोयीचा. अंथरणाचीही गरज नसलेली पद्धत पाहायची, तर ती धनगरांची. सुगीनंतर वावरात मेंढरं बसवायची. लेंड्या आणि मूत जिथल्या तिथे मातीत, आणि शेतकऱ्याकडून धनगराला धान्य किंवा पैसे.

शहरातल्या घरांत मेंढरं नाहीत, पण ससे, गिनीपिग, हॅमस्टर आहेत, आणि त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं जातं. सशाची लेंडी हे बागेला मिळू शकणारं सर्वांत निर्धोक ताजं खत. कोरडी, वास कमी, मुळांना चटका न देणारी. पिंजऱ्यातलं गवत, कागदाचे तुकडे, लाकडाचा भुसा, सगळं मुतासकट कंपोस्टच्या डब्यात जाऊ शकतं. फक्त भुशाचं प्रमाण बघावं लागतं. सूक्ष्मजीवांना पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र मानवतो. गव्हाच्या काडात हे प्रमाण ऐंशीला एक किंवा त्याहून जास्त, लाकडाच्या भुशात चारशेच्या आसपास. म्हणून नुसता भुसा वर्षभर तसाच पडून राहतो, आणि मातीत मिसळला तर तो कुजण्यासाठी मातीतलाच नत्र ओढून घेतो. झाडं पिवळी पडतात आणि आपण खताला दोष देतो. त्यात भाजीची देठं, चहाचा चोथा, गवताची हिरवी कापणी घालावी. दुसरं, कीर्ती नगरच्या फर्निचर बाजारासारख्या ठिकाणचा भुसा स्वस्त मिळतो म्हणून पोतंभर आणू नये. त्यात प्लायवुड आणि एमडीएफ कापलेला असतो, म्हणजे डिंक आणि रसायनं आली. हा भुसा सशालाही वाईट आणि कोथिंबिरीलाही.

घोड्याची लीद आणि तबेल्यातलं काड हे कंपोस्टवाल्याचं आवडतं मिश्रण, कारण ते झटकन तापतं. दिल्लीच्या आसपास घोडेस्वारीच्या शाळा आहेत, लग्नाच्या घोड्या पाळणारे आहेत, आणि बहुतेकांना लीद कुणी घेऊन गेलं तर हवंच आहे. लिदीत गवताचं बी राहतं, तेव्हा ती तापवल्याशिवाय वापरली तर वाफ्यात गवत मागाल तेवढं. धनुर्वाताची भीती लोक घालतात ती खोटी नाही. त्याचे बीजाणू लिदीत असतात आणि बागेच्या साध्या मातीतही असतात. लस वेळेवर घ्यावी, हातमोजे घालावेत, विषय संपला.

शेणखत घेताना दिल्लीत एकच प्रश्न विचारायचा: कच्ची का पक्की? माळ्याला तो बरोबर कळतो. अर्धवट कुजलेलं शेण घातलं की इथल्या कोरड्या मातीत वाळवी आणि हुमणी आलीच. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेण घातल्यापासून मातीला टेकणाऱ्या भाजीची काढणी १२० दिवस करता येत नाही, बाकीच्या पिकांची ९० दिवस. गच्चीवर मेथी, पालक, मुळा लावणाऱ्यानेही हा नियम पाळायला हरकत नाही. म्हणजे ऑक्टोबरच्या पेरणीचं कच्चं शेण पावसाळ्यातच मातीत गेलेलं असावं. आणखी एक, हॉवर्डच्या पद्धतीत राख आहे ती वाचून चुलीची राख ओतू नका. दिल्लीची माती आधीच अल्कधर्मी, तिला ती भर नको.

आता कुत्रा. भावना बाजूला ठेवून बघितलं तर प्रश्न विष्ठेत नाही, तिच्यातल्या पाहुण्यांत आहे. टॉक्सोकारा कॅनिस हा कुत्र्याच्या आतड्यातला गोल कृमी. एक मादी दिवसाला लाखभर किंवा त्याहून जास्त अंडी घालते. ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. दोन-चार आठवडे मातीत राहिल्यावर बाधायला लागतात, आणि सावलीत, ओलाव्यात कित्येक वर्षं टिकतात. मातीत खेळलेल्या मुलाच्या पोटात ती गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यांत फिरतात. बहुतेक पिल्लांना हा कृमी आईकडूनच मिळतो, म्हणून पिल्लाची शी सर्वांत धोक्याची. याखेरीज अंकुशकृमी आहेत, त्यांच्या अळ्या अनवाणी पायातून शिरतात. हायडॅटिड गाठी करणारा इकायनोकॉकस आहे. पावसाळ्यात मुतातून येणारा लेप्टोस्पायरा आहे, म्हणून कुत्र्याच्या मुतानं भिजलेलं अंथरूणही गवतखाऊच्या अंथरणासारखं हाताळता येत नाही. रेबीजची भीती मात्र इथे गैरलागू. तो लाळेतून येतो.

हे सगळं उष्णतेनं मरतं, पण ती किती आणि किती वेळ, याचा हिशेब आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मैल्याच्या गाळासाठी ठरवलेलं माप असं: बंद पात्रात ५५ अंश सलग तीन दिवस, उघड्या लांबट ढिगात ५५ अंश पंधरा दिवस आणि त्या काळात किमान पाच वेळा उलथापालथ. अलास्कात फेअरबँक्स भागात स्लेज ओढणारे कुत्रे पाळणाऱ्यांनी सरकारी मृदा संधारण खात्याच्या मदतीने ही गोष्ट कुत्र्यांच्या बाबतीत करून पाहिली. दोन भाग विष्ठा, एक भाग लाकडाचा भुसा, पाणी, लांब दांड्याचा तापमापक आणि नियमित चाळवणं. ढीग ६० अंशांच्या वर गेला, खत उत्तम झालं. तरीही २००५ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तिकेत हे खत कच्च्या खायच्या भाज्यांना घालू नका असंच सांगितलं आहे. थंड अलास्कात जे जमलं ते दिल्लीत का जमू नये, असं कुणी म्हणेल. जमण्यातली अडचण हवामानाची नाहीच, आकाराची आहे. अलास्कातल्या त्या माणसांकडे वीस-वीस, तीस-तीस कुत्रे होते. ढीग साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच झाल्याशिवाय आतली ऊब आत राहत नाही. एक कुत्रा दिवसाला सुमारे तीनशे चाळीस ग्रॅम देतो. त्यावर बाल्कनीतली बादली कधीच तापणार नाही. दिल्लीचा जूनमधला ४५ अंशांचा उन्हाळाही कामाचा नाही. वरचा थर वाळतो आणि वाळलेला ढीग कुजतच नाही.

उष्णता नाही, तर काळ. इथे आपल्या देशाचा अनुभव मोठा आहे, फक्त तो माणसाच्या मैल्याचा आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करून दाखवलं. पालम-डाबरी रस्त्यावरच्या ‘सुलभ’ या शौचालयांच्या संस्थेच्या आवारात दोन खड्ड्यांचा संडास आजही पाहायला मिळतो: एक भरला की बंद, दुसरा चालू, आणि पहिला उघडायचा तो दोन वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेचं माप उबदार प्रदेशासाठी एक वर्षाहून जास्त असं आहे. जमिनीवरचं घर, थोडं आवार आणि प्रौढ, वेळेवर जंतांचं औषध घेणारा कुत्रा असेल, तर हीच रीत वापरता येते. दोन खड्डे, भाजीच्या वाफ्यापासून आणि बोअरवेलपासून लांब. दर वेळी विष्ठेवर दुप्पट-तिप्पट पाचोळा आणि वर माती. भरला की दोन वर्षं झाकण. मग ते खत कण्हेर, बोगनवेल, चाफा यांच्या बुडाशी. यमुनेच्या खादरात, जिथे पाणी हातभर खाली लागतं, तिथे हा उद्योग करू नये.

बाजारात यावर बरीच चटपटीत उत्तरं विकली जातात. गांडूळखत हे त्यातलं एक. गांडुळाला पस्तीस अंशांवर जगता येत नाही. म्हणजे जिथे गांडूळ सुखी तिथे टॉक्सोकाराची अंडीही सुखी. शिवाय जंतांचं औषध नुकतंच दिलेल्या कुत्र्याची विष्ठा गांडुळांच्याच जिवावर उठते. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने काढलेलं वेस्ट डीकंपोजर किंवा पुसाचं डीकंपोजर ही पालापाचोळ्याची आणि पराळीची, म्हणजे भाताच्या काडाची, विरजणं आहेत, अंडी मारणं हे त्यांचं काम नव्हे. ‘कंपोस्टेबल’ पिशवीही घरच्या ढिगात वर्ष-वर्ष तशीच राहते, तिला कारखान्यातली उष्णता लागते. वर्तमानपत्राचा कागद बरा. बायोगॅसचं म्हणाल, तर त्याचे आपल्याकडचे शेणावरचे सुरुवातीचे प्रयोग १९३९ साली दिल्लीच्या पुसातच एस. व्ही. देसाई यांनी केले. २०१० साली अमेरिकेत केंब्रिजच्या एका बागेत मॅथ्यू माझोटा या कलाकाराने कुत्र्यांच्या विष्ठेवर दिवा पेटवला, त्याची कल्पना त्याला भारतातल्या गोबरगॅसवरूनच सुचली होती. टोरांटो शहर तर पाळीव प्राण्यांची विष्ठा ओल्या कचऱ्याच्या डब्यातच घेतं आणि मोठ्या बंद टाक्यांत कुजवतं. पण साध्या, न तापवलेल्या टाकीतून निघणारी मळी निर्जंतुक नसते, ती पुन्हा तापवावी लागते.

फ्लॅटवाल्यांनी काय करावं? कुत्र्याची शी पिशवीशिवाय संडासात टाकून पाणी सोडणं हा आजच्या घडीला सर्वांत कमी उपद्रवाचा मार्ग. मात्र नोएडा-गुरुग्रामच्या अनेक सोसायट्या सांडपाणी आवारातच शुद्ध करून तेच पाणी हिरवळीवर फवारतात. कृमींची अंडी जड, ती टाकीच्या गाळात बसतात. तो गाळ खत म्हणून फुकट वाटणारी सोसायटी दिसली, तर तो तापवला होता का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

मांजराबद्दल थोडक्यात: नको. टॉक्सोप्लाझ्माची बीजं मांजराच्या विष्ठेतून येतात, एक-दोन दिवसांतच बाधक होऊ शकतात, ओल्या मातीत वर्षाहून जास्त टिकतात आणि गर्भवतीच्या पोटातल्या बाळाला इजा करतात. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि गर्भवतीने शक्यतो करायचा नाही. ट्रेमधली बेंटोनाइटची माती कुजणारी वस्तूच नाही, संडासात टाकली तर नळी तुंबवते. ती गुंडाळून कचऱ्यात जावी. कबुतरांचं तेच. पिंजऱ्यातली वाळलेली विष्ठा खरवडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक, आणि कुंडीला ‘कबुतराचं खत’ घालण्याचा जुन्या दिल्लीतला सल्ला आता सोडून द्यावा.

सरकारी नियम या प्रश्नाच्या कडेकडेने जातात. २०१६च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच कुजवायला सांगितलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली पानं जाळायला बंदी घालून पाच हजारांचा दंड ठेवला. नोएडा प्राधिकरणाने २०२२ साली कुत्र्याची घाण मालकानेच उचलावी असा नियम केला. तीन नियम, तिन्ही योग्य, आणि एकाचाही दुसऱ्याशी संबंध जोडलेला नाही. शंभर कुत्र्यांच्या सोसायटीत रोज चौतीस किलो, वर्षाला बारा टनांहून जास्त विष्ठा निघते. एवढ्यावर एक-दोन मोठे बंद डबे खुशाल तापतील, त्यांना लागणारा पाचोळा आवारातच पडतो, आणि निघालेलं खत कुंपणाच्या झुडपांना पुरेल. मात्र त्यासाठी एक प्रशिक्षित आणि पगारी माणूस, हातमोजे, एक तापमापक आणि रोजच्या तापमानाची वही हवी. आहे त्याच सफाई कामगाराच्या गळ्यात हे काम मारायचं असेल, तर करूच नये. घाण आपल्या कुत्र्याची आणि जंत त्याच्या मुलाला, असला हिशेब दिल्लीत आधीच पुष्कळ झाला आहे.

तोवर सुरुवात सोप्या बाजूने करा. पुढच्या सोसायटी सभेत एवढंच मागा की फेब्रुवारी-मार्चची पानं बाहेर जाणार नाहीत, जाळीच्या पिंजऱ्यात साठतील. ससा असेल तर त्याचं अंथरूण त्यात टाका, जवळ तबेला असेल तर लीद आणवा. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंतांचं औषध द्या, आणि त्याची शी मेथीच्या वाफ्यापासून लांब ठेवा.